जुन्या गाडीचे ब्रेक पाईप : निवड आणि घरच्या घरी बदल

ब्रेकच्या पेडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपातला, दाब चाकांपर्यंत पोहोचवण्याचे काम धातूच्या बारीक नळ्या करतात. बहुतेक मोटारगाड्यांत या नळीचा बाहेरचा व्यास ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच असतो आणि तिची भिंत साधारण ०.७ मिमी जाडीची असते. जोराने ब्रेक मारला की एवढ्याशा नळीत १०० बारच्या आसपास दाब निर्माण होतो. नवा पाईप याहून कितीतरी अधिक दाब सहन करतो. पण गंजाने भिंत निम्मी खाल्ली असेल तर तो नेमका तेव्हाच फुटतो, जेव्हा चालकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबलेले असते. म्हणूनच रोजच्या हलक्या वापरात ब्रेक ठीक लागतात एवढ्यावरून जुन्या पाईपची खात्री धरता येत नाही.

हे काम घरी करता येते, मात्र त्यासाठी घाई नको आणि योग्य अवजारे हवीत. पाईप कोणत्या धातूचा घ्यावा यावर पुष्कळ चर्चा होते. माझे मत असे की घरी केलेले काम फसते ते बहुधा धातूच्या निवडीमुळे नव्हे, तर चुकीच्या फ्लेअरमुळे (पाईपचे टोक फुलवून केलेला, सांधा बंद करणारा आकार), न जुळणाऱ्या आट्यांमुळे किंवा क्लिपांशिवाय मोकळ्या सोडलेल्या पाईपमुळे. पुढील विवेचनात या तीन गोष्टींना अधिक जागा दिली आहे ती याच कारणाने.

पाहणी कुठे करावी

गाडीखाली वाकून पाहिले असता पाईपचा जो भाग सहज दिसतो, तो सहसा सर्वांत चांगल्या स्थितीत असतो. खरी झीज क्लिपांच्या खाली, इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूस, मागच्या ॲक्सलवर आणि चाकांच्या कमानीत चिखल साठतो त्या कोपऱ्यांत होते. प्लॅस्टिकच्या क्लिपा ओल धरून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक क्लिप उघडून तिच्या आतला पाईप पाहावा. मऊ तारेच्या ब्रशने किंवा खरखरीत कापडाने माती काढावी. पृष्ठभागावरचा तांबूस डाग घासल्यावर निघून गेला आणि खाली धातू गुळगुळीत राहिला तर चिंता नाही. पण खड्डे दिसत असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा वरचे प्लॅस्टिकचे आवरण फुगलेले असेल तर तो पाईप बदलावा. ओलसर दिसणारा पाईप तर त्या क्षणी गाडी बाजूला लावण्यास पुरेसे कारण आहे.

एक पाईप कुजला असेल तर त्याच्याबरोबर बसवलेले, तेवढेच पाणी आणि चिखल झेललेले बाकीचे पाईपही फार मागे नसतात. ते सगळे एकाच वेळी बदलावेत, कारण एकदा यंत्रणा उघडली, ब्रेक ऑइल काढले आणि हवा काढण्याचा खटाटोप केला की उरलेल्या पाईपसाठी वाढणारे श्रम तुलनेने थोडे असतात. फार जुन्या गाड्यांत चारही चाकांसाठी एकच सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचा एकच जोडलेला मार्ग, असते. तिथे एक पाईप फुटला की पायाखालचे सारेच ब्रेक जातात आणि उरतो तो फक्त हँडब्रेक. दोन सर्किटांच्या गाडीत निम्मी यंत्रणा शाबूत राहते, पण थांबण्याचे अंतर बरेच वाढते.

धातूची निवड

मूळ पाईप बहुधा पोलादी असतो. पोलादाची पातळ पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळायची, भट्टीत तांब्याने सांधायची आणि वर जस्ताचा किंवा प्लॅस्टिकचा थर द्यायचा, अशी त्याची घडण असते. हा पाईप मजबूत आहे, फ्लेअरही नीट घेतो. त्याचे वैर फक्त गंजाशी. वरचा थर वळवताना किंवा पान्याने खरवडला गेला की गंज तिथूनच सुरू होतो.

तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा पाईप घरच्या कामासाठी सर्वांत सोयीचा, असे मी निःसंकोच म्हणेन. त्यात साधारण ९० टक्के तांबे व १० टक्के निकेल असते आणि लोह व मँगनीज यांचा अल्प अंश असतो. तो गंजत नाही, हाताने वळतो आणि साध्या अवजारानेही त्याचा फ्लेअर सुबक येतो. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७०च्या दशकापासून हा धातू आपल्या गाड्यांत वापरला, म्हणजे तो केवळ हौशी लोकांचा पर्याय नाही. त्याची एक उणीव ध्यानात ठेवावी: तो मऊ असल्यामुळे उडालेल्या खड्याचा मार त्याला अधिक लागतो, त्यामुळे मूळ पाईपवर जिथे तारेचे वेटोळे किंवा पत्र्याचे कवच होते तिथे ते नव्यावरही चढवावे.

शुद्ध तांब्याचा पाईप दिसायला जवळजवळ तसाच असतो, पण त्याची ताकद कमी असते आणि सततच्या कंपनाने तो कडक होऊन भेगाळतो. ब्रेकसाठी तो टाळावा. विकत घेताना वेष्टनावर मिश्रधातूचे नाव आणि ब्रेकच्या पाईपचे मानक छापलेले आहे का ते पाहावे. नुसत्या रंगावरून निर्णय करू नये. स्टेनलेस स्टील टिकाऊ आणि देखणे असले तरी फार कठीण असते. त्याचा फ्लेअर करायला भारी अवजार लागते, शिवाय कठीण टोक बैठकीवर, म्हणजे समोरच्या भोकातल्या टेकण्याच्या पृष्ठभागावर, दबून बसत नसल्यामुळे बारीक गळती राहून जाते. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ॲल्युमिनियमचा पाईप, इंधनाची रबरी नळी किंवा प्लंबिंगमध्ये वापरतात तसे दाबून बसवण्याचे कॉम्प्रेशन जोड यांपैकी काहीही ब्रेकच्या यंत्रणेत कधीही, तात्पुरते म्हणूनसुद्धा बसवू नये. आपल्या देशाच्या वाहन तपासणीच्या नियमांत कोणता धातू चालतो हेही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

आटे आणि टोकाचा आकार

नटाचे आटे हा जुन्या गाडीतला सर्वांत फसवा भाग आहे. मेट्रिक गाड्यांत ४.७५ मिमी पाईपवर बहुधा १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधले अंतर) नट असतो, तर इंची मापाच्या गाड्यांत ३/८ इंची, दर इंचाला २४ आट्यांचा. ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी, आणि दर इंचाला २४ आटे म्हणजे सुमारे १.०६ मिमी पिच. हे दोन नट शेजारी ठेवले तरी डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. पान्यावरूनही ओळख पटेलच असे नाही, कारण ११ मिमीचा पाना ७/१६ इंची डोक्यावर जवळपास तसाच बसतो. इंची नट मेट्रिक भोकात काही फेरे सहज जातो, थोडा घट्टही होतो, आणि मग दाब आल्यावर आट्यांसकट निसटू शकतो. त्यामुळे व्हर्नियरने व्यास आणि आट्यांच्या गेजने पिच मोजावा, आणि जुना नट जपून ठेवून नवा त्याच्याशी ताडून पाहावा. पूर्वीच्या मालकाने एखादा सुटा भाग बदलला असेल तर एकाच गाडीत दोन्ही पद्धतींचे आटे सापडतात, म्हणून हे मोजमाप प्रत्येक टोकापाशी वेगळे करावे.

टोकाचा आकार मुख्यतः दोन प्रकारचा असतो. डबल फ्लेअरमध्ये पाईपचे तोंड ४५ अंशांत बाहेर उघडलेले असते आणि त्याची कड स्वतःवरच दुमडलेली असल्यामुळे तिथे धातूचे दोन पदर येतात. बबल फ्लेअरमध्ये टोक बटणासारखे फुगीर दिसते. पहिल्या प्रकारात समोरच्या भोकाच्या तळाशी वर आलेला शंकू असतो, दुसऱ्यात आत खोल गेलेली बैठक असते. टॉर्चच्या उजेडात भोकात पाहिले की हा फरक कळतो. बबल फ्लेअर शंकूवर किंवा डबल फ्लेअर खोल बैठकीत बसवला तर कितीही आवळले तरी गळती थांबणार नाही, आणि जास्त आवळण्याच्या नादात बैठकच बिघडेल. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर एकाच पाईपच्या दोन टोकांना दोन वेगळे आकार आढळतात. एका पदराचा साधा फ्लेअर ब्रेकला चालत नाही. त्याची कड चिरते.

जुना पाईप काढताना

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवावी. वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असावे. मग पाईप हलवण्यापूर्वीच त्याच्या संपूर्ण मार्गाची छायाचित्रे घ्यावीत, कारण एकदा तो निघाला की कोणती क्लिप कोणत्या वळणाआधी होती हे आठवत नाही.

सांध्यांवर एक दिवस आधी गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे. नट सोडवण्यासाठी साधा फिक्स पाना वापरला तर त्याचे कोपरे मारले जातात. एका बाजूला चीर असलेला रिंग पाना, म्हणजे फ्लेअर नट पाना, नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरतो. पाईप टाकूनच द्यायचा असेल तर तो नटालगत कापून सहा कोनी सॉकेट वरून बसवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. नटाबरोबर पाईपही पिळला जात असेल तर नट थोडा मागेपुढे करत सोडवावा. उष्णता देण्याची वेळ आलीच, तर तो भाग गाडीवरून काढून बाहेर द्यावी. ब्रेक ऑइल पेट घेते आणि इंधनाचा पाईप बहुतेक वेळा शेजारूनच गेलेला असतो. नट कॅलिपरमध्ये (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किंवा एबीएसच्या (जोराने ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये अडकला आणि सुटत नसेल तर तिथे ताकद लावू नये, ते काम जाणकाराकडे द्यावे.

पाईप सुटताच मास्टर सिलिंडरमधून ऑइल गळू लागते. पेडल थोडेसे दाबून त्या स्थितीत लाकडी पट्टीने टेकवून ठेवले की सिलिंडरचा पिस्टन ब्रेक ऑइलच्या टाकीकडून येणारे बारीक छिद्र झाकतो आणि ही गळती जवळजवळ थांबते. एबीएस असलेल्या गाडीत हे अधिक महत्त्वाचे, कारण ते युनिट रिकामे झाले तर हवा काढायला निदान करणारे यंत्र जोडावे लागू शकते. या काळात ब्रेकचे दिवे जळत राहतात, म्हणून बॅटरीची तार काढावी. उघडी तोंडे रबरी टोप्यांनी बंद करावीत. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ते सांडले की लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

फ्लेअर

साऱ्या कामाचा कस इथे लागतो. गाडीच्या पाईपला हात लावण्यापूर्वी उरलेल्या तुकड्यांवर सराव करावा आणि सलग काही फ्लेअर निर्दोष येईपर्यंत पुढे जाऊ नये.

जुन्या पाईपच्या मार्गावरून मऊ तार किंवा दोरी फिरवून लांबी घ्यावी आणि दोन्ही टोकांच्या फ्लेअरसाठी थोडी अधिक धरावी. पाईप कापायला लहान पाईप कटरच वापरावा. हॅकसॉने तोंड तिरके होते आणि कीस आत जातो. कटरही एकदम आवळू नये. दर फेऱ्याला थोडा थोडा आवळला की पाईप चेपत नाही. कापल्यावर आतली कड साफ करावी, बाहेरच्या कडेला बारीक कानशीने हलका उतार द्यावा आणि तोंड खाली धरून कीस झटकावा. प्लॅस्टिकचे आवरण असेल तर फ्लेअर होणाऱ्या भागावरून ते काढून टाकावे. यानंतर, आणि फ्लेअर करण्याआधी, नट योग्य दिशेने पाईपवर चढवावा. दुसरे टोक फुलवण्यापूर्वी तर दोन्ही नट पाईपवर आहेत आणि एकमेकांकडे पाठ करून आहेत, हे पुन्हा पाहावे.

डबल फ्लेअरसाठी पाईप पकडपट्टीत असा धरावा की त्याचे टोक साच्याच्या (टोकाला आकार देणारा, बटणासारखा तुकडा) खांद्याच्या जाडीइतकेच वर राहील. ते कमी राहिले तर दुमड अपुरी होते, जास्त राहिले तर टोक एका बाजूला कलते. पकड पूर्ण आवळावी, कारण पाईप निसटला की फ्लेअर वाया गेला. टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस कदापि लावू नये, कारण खनिज तेलाने ब्रेकमधली रबरी सील फुगून निकामी होतात. पहिल्या टप्प्यात साचा आवळला की टोक आत वळून फुगीर होते. बबल फ्लेअर हवा असेल तर काम इथेच थांबते, मात्र त्यासाठी त्याच मापाचा साचा हवा. डबल फ्लेअरचा अर्धा टप्पा म्हणजे बबल फ्लेअर नव्हे. दुसऱ्या टप्प्यात साचा काढून शंकू आवळायचा. तो धातूचे दोन पदर बसेपर्यंतच आवळावा. पुढे आवळत राहिल्यास बैठकीचा पृष्ठभाग पातळ होतो.

तयार फ्लेअर भिंगातून पाहावा. तो पाईपशी समकेंद्री असावा, कडेला चीर नसावी, बैठकीच्या पृष्ठभागावर ओरखडा नसावा. शंका आली की कापून पुन्हा करावा. थोडी लांबी अधिक धरायची ती याचसाठी.

वळवणे आणि बसवणे

पाईप गाडीखाली वळवत बसण्यापेक्षा जुन्या पाईपशेजारी ठेवून बाहेरच वळवावा. वळणाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवावी. चिमटा बसला किंवा वळण चपटे झाले तर ते सरळ करून वापरू नये. फ्लेअरजवळ काही अंतर पाईप सरळ असावा, नाहीतर नट मागे सरकत नाही. मास्टर सिलिंडरजवळ मूळ पाईपला वेटोळे असेल तर नव्यालाही तसेच द्यावे. बॉडी आणि इंजिनाचे कंपन ते वेटोळे पचवते.

बसवण्यापूर्वी पाईपमधून आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर सोडून कोरड्या हवेने फुंकावे. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल यासाठी वापरू नये. नट प्रथम बोटांनीच फिरवावा. तो निदान तीन-चार फेरे हाताने सहज गेला पाहिजे. जात नसेल तर पाईपचा कोन चुकला आहे किंवा आटे वेगळे आहेत. पाईपची दोन्ही टोके अशी सैल लावून, क्लिपा बसवून, मगच नट आवळावेत. १० मिमीच्या नटाला बहुतेक गाड्यांत १२ ते १८ न्यूटन मीटर टॉर्क पुरतो, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. सील फ्लेअर करतो, आटे नव्हे, म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. तिचे तंतू आत गेले तर बारीक छिद्रे बुजतात.

क्लिपा हे दुय्यम काम समजू नये. आधाराशिवाय थरथरणारा पाईप कितीही चांगल्या धातूचा असला तरी कालांतराने नटापाशी चिरतो. मूळ जागेच्या सर्व क्लिपा लावाव्यात, आणि त्या उपलब्ध नसतील तर साधारण ३० सेंटिमीटरच्या अंतराने रबराचे अस्तर असलेल्या क्लिपा वापराव्यात. एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक पोहोचते ती जागा यांच्यापासून पाईप दूर असावा. मूळ मार्ग बदलून आखूड वाट काढण्याचा मोह टाळावा.

रबरी होज

धातूचे पाईप बदलताना त्याच वयाचे रबरी होज, म्हणजे हलणाऱ्या चाकांपाशी पाईपला जोडलेल्या लवचीक नळ्या, ठेवणे मला पटत नाही. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून सुजलेला असतो. मग दाब चाकापर्यंत जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. वाकवल्यावर पृष्ठभागावर भेगा दिसणे ही उशिरा कळणारी खूण आहे. नवा होज पीळ न पडता बसवावा, सस्पेन्शन वर-खाली आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून तो कुठे ताणत वा घासत नाही ना ते पाहावे. बँजो बोल्ट, म्हणजे आतून पोकळ बोल्ट, असेल तर तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना नवे घालावेत.

हवा काढणे

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर सांगितलेल्या प्रकाराचेच आणि सीलबंद डब्यातले घ्यावे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले आहेत. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ते यांत मिसळू नये. कोरड्या स्थितीत डॉट ३चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सियस आणि डॉट ४चा २३० अंश असतो. ऑइल हवेतली ओल शोषत जाते तसा तो उतरतो, आणि हीच ओल पाईप आतूनही गंजवते. काही जुन्या सित्रोएन गाड्यांत हिरवे खनिज तेल लागते. त्यांना ग्लायकॉलचे ऑइल घालू नये.

मागे ड्रम ब्रेक असतील तर आधी शू (ड्रमला आतून घासणारे भाग) नीट जुळवून घ्यावेत, अन्यथा हवा निघूनही पेडल खोल जात राहते. हवा साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून काढतात, पण तिरप्या सर्किटांच्या (एक पुढचे आणि समोरच्या बाजूचे मागचे चाक एका सर्किटवर असलेल्या) गाड्यांत आणि भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत मॅन्युअलचा क्रम पाळावा. निपलला, म्हणजे चाकापाशी हवा काढण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, निपल बंद करावा, आणि त्यानंतरच पेडल सोडायला सांगावे. जुन्या गाडीत पेडल पार तळाला नेऊ नये, कारण मास्टर सिलिंडरची सील एरवी न पोहोचणाऱ्या खरबरीत भागावरून जाऊन फाटू शकते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. टाकीतली पातळी सतत पाहत राहावे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

सगळे सांधे कोरडे पुसून घ्यावेत. गंज सोडवणाऱ्या तेलाचा अंश राहिला तर खरी गळती ओळखता येत नाही. मग इंजिन चालू करून पेडल पूर्ण ताकदीने निदान एक मिनिट दाबून धरावे. इंजिन चालू होताच पेडल किंचित खाली येते, तो सर्व्होचा, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, परिणाम असतो. पण त्यानंतर ते हळूहळू खचत गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतो आहे. पेडल दाबलेले असतानाच दुसऱ्या व्यक्तीने प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर लावून पाहावा. सांधा ओला निघाला तर दाब सोडून नट थोडा सैल करावा, पुन्हा ठरल्या टॉर्कला आवळावा. तरीही थेंब येत असेल तर तो फ्लेअर कापून नवा करावा, पान्यावर अधिक जोर लावू नये.

पहिली चाचणी मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी, मग वेग थोडा थोडा वाढवत नेऊन काही वेळा जोराने ब्रेक मारावा आणि परत येऊन सर्व सांधे पुन्हा तपासावेत. आठवडाभराने गाडीखाली आणखी एकदा पाहावे आणि टाकीतली पातळी खुणेवर आहे याची खात्री करावी. जुने ब्रेक ऑइल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते बंद डब्यात, इंजिन ऑइलपासून वेगळे ठेवून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्यावे.